गुरलिंगअप्पाचं शीड

गुरलिंगअप्पाचं शीड मी शिवलं.
मशीनच्या तीन सुया मोडल्या.
जाड सुती कापड, दुहेरी शिवण,
दोर ओवायला पितळी डोळे.
माप कोण सांगणार?
पैठणात शीड कुणी पाहिलेलं?
अप्पांनी जुन्या कॅलेंडरवरचं जहाज दाखवलं,
"असं. पण एकच."

त्याआधीही त्यांचं कापड माझ्याकडंच यायचं.
आंबेटाकळीचा सोमवारचा बाजार,
चार बांबू, वर पाल,
पालाखाली मीठ, चिंच, राळं
आणि विशीतले अप्पा, तराजूची दांडी कधी न मारणारे.
(हे तेच सांगत. माझी आई हसायची.)

मग सरकी आली, मग जिनिंग,
मग पांढरी जीप, झेडपीची खुर्ची.
धरणाचा विषय निघाला तेव्हा
अख्खं गाव चावडीपुढं उकिडवं बसलेलं.
अप्पा म्हणाले, "पाणी येतंय, वाट सोडा."
पहिला हात त्यांचाच वर गेला,
बोटातल्या अंगठीसकट.

पाणी आलं. घाईनं नाही,
उसने मागायला आलेल्या सोयऱ्यासारखं
आधी ओट्यावर टेकलं,
मग घरात.

साठीत अप्पांनी नाव बांधली.
कहाराच्या किसननं तळाला डांबर दिलं.
"आन् वारं समोरून आलं तर?" मी विचारलं.
"मतदार समोरून आला तर काय करतो आपण?
थोडं तिरकं व्हायचं. पुढंच जातो."

रविवारी भिंतीवरून दिसायचं :
पांढरं धोतर, काळी टोपी,
आणि वर माझी शिवण, फुगलेली, घट्ट.
एक टाका उसवला नाही कधी.
लोक म्हणत, म्हातारा चळला.
तो नेमका कुठल्या पाण्यावर घुटमळतो
हे किसनला ठाऊक होतं.
किसन बोलायचा नाही.

तिसऱ्या कोरड्या वर्षी, वैशाखात,
नाव अडली.
खाली दगडी ओटा, तीन पायऱ्या,
अप्पांचं पहिलं पक्कं दुकान.
ते उतरले. चिखल घोट्यापर्यंत.
गिऱ्हाईक नसलेल्या दुपारी बसावं तसे
मधल्या पायरीवर बसले.
बऱ्याच वेळानं म्हणाले,
"रंगनाथ, शीड उतरव. बांबू बघ कुठं मिळतात का."

आम्ही पाल ठोकलं.
उघडं पडलेलं गाव बघायला माणसं येत होती,
आपापली चूल शोधत, जातं शोधत.
उन्हाला कंटाळून पालाखाली टेकायची.
कुणी रामराम केला, कुणी नाही.
तुळसाकाकू आल्या, पदरानं तोंड पुसलं,
सवयीनं विचारल्यासारखं म्हणाल्या,
"मीठ काय भाव लावलंस, गुरलिंगा?"

आयुष्यभर भाव सांगणारा माणूस,
शिडाच्या दोराशी चाळा करत राहिला.