कुसोंडी बुद्रुक

फॉर्ममध्ये दोन ओळींची जागा आहे :
गावाचे भौगोलिक स्थान व नावाची व्युत्पत्ती.
केंद्रप्रमुख म्हणाले, बाई, शुक्रवारपर्यंत.

स्थान सोपं आहे.
दहिवडीची एसटी जिथं पहिल्या गिअरवर येते
आणि कंडक्टर चिल्लर मोजायचा थांबतो, ती खिंड.
अलीकडं माणगंगेचं खोरं, पलीकडं येरळेचं,
आणि मध्ये, म्हशीच्या पाठीवर बगळा बसावा तसं
एकशे चौऱ्याऐंशी उंबऱ्यांचं गाव.
शाळेचा पत्रा बरोबर कण्यावर.
पूर्वेच्या पन्हाळीचं पाणी माणगंगेला, तिथून भीमेला.
पश्चिमेच्या पन्हाळीचं येरळेला, मग कृष्णेला.
मी नकाशावर दोन बोटं फिरवली, एक वर, एक खाली,
ती रायचूरपाशी एकमेकांना लागली.
चौथीतला बिरुदेव म्हणाला,
पण बाई, तिथंवर पोचाय आपल्यात पडतंय कुठं तेवढं?

नावाचं मात्र अवघड.

भागूजी खरात म्हणाले, कुसळ.
चैत्रात माळावरनं चालून या आणि धोतराला विचारा.
लोकरीत शिरतं, कातडीत उतरतं,
मेंढरू मुकं, ते काय सांगणार. गावानं सांगितलं.

गुणाबाईंनी तंबाखूची चिमूट मोडली. कूस गं, कूस.
डोंगराच्या कुशीतलं ते कुसोंडी.
मी म्हटलं, पण आपण तर वर आहोत, पार माथ्यावर.
डोंगर एका कुशीवर निजलाय, त्या म्हणाल्या.
दुसरी कूस वर राहिली. तिच्यावर आपण.

हुसेन मुलाणी म्हणाले, कुसू. दगडी कुसू होतं गावाला,
दोन पुरुष उंच, दिवस बुडाला की दार बंद.
मग दगड कुठं गेले?
त्यांनी नुसतं शाळेच्या जोत्याकडं पाहिलं.

यमुनाबाई बनसोडे भाकरी थापत होत्या, थांबल्या नाहीत.
कुसू होतं. आम्हाला ठाऊक आहे.
बाहेरनं कसं दिसायचं ते लिहिणार असाल
तर बसा, सांगते.

मी बसले. दोन ओळींत मावणारं ते नव्हतं.

आणि मग लेखन. रस्त्याच्या पाटीवर कुसुंडी,
एसटीच्या काचेवर कोसोंडी,
रेशनकार्डावर कुसोडी, अनुस्वार कुठं तरी वाटेत सांडलेला.
तलाठ्याच्या दप्तरात बरोबर आहे,
पण ते दप्तर कुणी वाचत नाही.

एक राहिलंच. आपण बुद्रुक, म्हणजे मोठे.
मग धाकटं कुठं आहे? खुर्द?
ज्याला विचारलं त्यानं हात केला,
आणि प्रत्येकाचा हात वेगळीकडं.
ओढ्यापल्याड. कडुनिंबाखाली. प्लेगात उठलं.
उठलं नाही, नव्हतंच कधी.

जत्रेला आलेला जालिंदर पिसाळ हसला.
गलाईचं दुकान आहे त्याचं, सेलमला.
सोनाराच्या पेढीतली झाडलोट आणतात, जाळतात,
राखेतून गुंजभर निघालं तर निघालं.
दुकानावर एक खोली, गावची अकरा पोरं,
ॲसिडनं पिवळी झालेली नखं.
रात्री शटर ओढलं की म्हणतात, चला खुर्दात.
त्याच्या बापाच्या वेळेपासून म्हणतात.
खोलीला खिडकी एकच, त्याने सांगितलं,
तिच्यातनं डोंगर दिसतो. आपला नव्हे. पण चालतो.

शुक्रवारी मी लिहिलं :
पाणी दोन्हीकडं उतरते. कुसू होते, दगड शाळेत आहेत;
बाहेरून कसे दिसे त्याची नोंद पुरवणीत, पाने नऊ.

आणि समासात, बारीक अक्षरात :
खुर्द – सेलम.

फॉर्म परत आला.
लाल शाईत खालती :
जिल्हा तपासावा.