आतला बैल

पहिल्या दिवशी केर्सी सरांनी मला पाण्यात उतरवलंच नाही.
पानशेतच्या काठावर एका बाभळीला दोर बांधला,
दांडी हातात दिली, म्हणाले, झुका मागे.
मी झुकले. पुढे.
"डॉक्टर, कुणाच्या तोंडात बघताय?"

एकवीस वर्षं कर्वे रस्त्यावर
लोकांच्या दाढांवर वाकलेली पाठ ही,
कंबरेत घडी पडलीय,
इस्त्रीनं जाणार नाही अशी.

दांडी कंबरेकडे ओढू नका,
कंबर दांडीकडे न्या.
गुडघे मऊ. हात सरळ,
हात म्हणजे नुसतं दोराचं शेवटचं टोक,
भार घ्यायचा टाचेनं.
खांदे असे, की वर ठेवलेल्या वाटीतलं ताक हलू नये.
आणि बोटीपासून लांब रेला,
मागे भिंत आहे असं धरून.

भिंत नसते.
पण वेग असला की
पाठ टेकता येते त्याला,
हे कळायला मला अख्खा हिवाळा लागला.

सहा बोये. तीन या हाताला, तीन त्या.
पहिला वळते, दुसरा कसाबसा,
तिसऱ्याशी नेमकी घाई करते:
बोया दिसला की दांडी छातीशी,
दोर सैल,
क्षणभर पाण्यावर लोळतो गोगलगायीच्या वाटेसारखा,
मग ताणतो एकदम
आणि नाकात धरण.

सतरा रविवार.
सोमवारी रूट कॅनाल करताना
कानातून पाणी गळायचं मास्कवर.

बोट चालवणारा सोपान निवंगुणे
फारसं बोलत नाही. दोर गुंडाळता गुंडाळता म्हणाला,
"ताई, त्या तिसऱ्या बोयाखाली आमच्या आज्याचं खळं होतं.
मी नाही बघितलं, बा सांगायचा.
मळणीला तिवड्यापाशी म्हातारा बैल जुंपायचे.
भाईरचा पळतो. आतल्यानं जागेवरच फिरायचं.
आतला पळाया लागला, की समदी दावण गुतती."

केर्सी सरांनी टोपी काढून डोकं खाजवलं.
"तेच तर सांगतोय मी चार महिने."

अठराव्या रविवारी, वारा उठायच्या आत,
दुसऱ्या बोयावरून लाट ओलांडली,
धार बदलली, बाहेरचा हात सोडला,
आतला लांबवला बोटीकडे, लांबवतच राहिले.
बोयाकडे बघितलं नाही.
नजर पलीकडच्या काठावर,
जिथं कुणीतरी चादरी वाळत घातल्या होत्या.

थांब.
थांब म्हाताऱ्या.

फळी पायाखालून स्वतःच फिरली,
पाण्याचा पंखा उघडला डावीकडे,
आणि दोर ताठ, जरासुद्धा झोळ नाही,
खाली कुणी अजून तिवडा रोवून उभं असावं तसा.
मग कंबर गेली दांडीकडे. मग दुसरा हात.

चौथ्याला पडले.
त्याच्याखाली काय होतं
ते सोपानला विचारायचंय.