मनगटातली आठ

हाडांचा सेट आम्ही दोघींत घेतला होता,
सीनियरकडून, रेग्झिनच्या फाटक्या बॅगेसकट.
अर्धे पैसे उर्मिला पाडवीचे, अर्धे माझे.
कवटी सम तारखांना तिच्या खोलीत, विषम तारखांना माझ्या.
मनगटाची हाडं पेढ्यांच्या डब्यात:
आठ. बारीक. खडेच जणू,
ज्याला माहीत नाही तो झाडताना फेकून देईल.

डिसेंबरात बायोकेमिस्ट्रीचा निकाल लागला.
उर्मिलाला सहा कमी.
धडगावहून वडिलांचा फोन यायचा
आणि ती तो उशीखाली वाजू द्यायची.
भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं ते,
कापसात गुंडाळलेलं वाजणं.

शनिवारी दुपारी तणावमुक्तीवर व्याख्यान झालं,
हजेरी सक्तीची.
पाहुणे म्हणाले, रोज आठ तास झोपा.
मागच्या तीन रांगांनी ते तिथल्या तिथे अमलात आणलं.
शेवटी डोळे मिटून आवडती जागा आठवायची होती.
मला मेसची खिडकी आठवली, बंद झालेली.
उर्मिलाची हजेरी कुणीतरी लावली.
मीच.

त्या रात्री तिच्या दाराशी उभी राहिले.
'बरी आहेस ना?' असं विचारता आलं असतं.
पण त्या प्रश्नाला आमच्या हॉस्टेलात एकच उत्तर आहे
आणि ते देऊन झालं की दार लागतं.
म्हणून म्हटलं,
'लुनेट तुझ्याकडे राहिलंय का गं? सातच भरतायत.'
लुनेट माझ्या गाऊनच्या खिशात होतं,
मुठीत, घामेजलेलं.

दार उघडायला वेळ लागला.
चार दिवसांचा चहा कपांच्या तळाशी वाळलेला.
टेबलावर क्रेब्ज सायकल, तिच्या सुबक अक्षरात,
सक्सिनेटपाशी पेन थांबलेलं.
आम्ही गाद्या उचलल्या. पलंगाखाली वाकलो.
जिथे नाही तिथे शोधत राहिलो, तासभर.
शोधता शोधता ती बोलायला लागली,
माझ्याशी नाही,
पलंगाखालच्या अंधाराशी:
'बाबांनी बोर्ड रंगवायला टाकलाय माझ्या नावाचा.
डॉक्टर लिहून झालंय.'
मला काही सुचेना.
म्हटलं, 'मग पाडवी लिहायला पेंटरला अजून चार वर्षं आहेत.'
ती हसली नाही.
नाक मात्र पुसलं.

सकाळी कळव्याच्या खाडीवर गेलो, फ्लेमिंगो बघायला.
ते अजून आलेच नव्हते.
ओहोटी. नुसता चिखल,
कांदळांची मुळं बोटं वर काढून,
पलीकडे ठाण्याचे टॉवर धुरकट,
आणि चिखलावर निवट्या,
अर्ध्या मासळी, अर्ध्या हट्ट,
कल्ल्यांत पाणी साठवून उघड्यावर जगणाऱ्या.
उर्मिला उकिडवी बसून बघत राहिली.
'ह्यांना सुटल्यासारखं कधी वाटत असेल?'
मी म्हटलं, 'भरती येईपर्यंत तगायचं, एवढंच.'
मग वाटलं, फारच व्याख्यानासारखं बोलले.
तिलाही वाटलं असावं,
कारण ती एकदम म्हणाली, 'भूक लागलीय.'

वडापावच्या गाडीपाशी तिने फोन लावला.
'बाबा, एक विषय राहिला.'
पलीकडे बराच वेळ कोंबड्यांचा आवाज.
मग: 'बरं. बोर्ड घरात आणून ठेवतो.
उन्हात रंग उडतो.'

लुनेट दुसऱ्या दिवशी डब्यात सापडलं.
उर्मिलाने काही विचारलं नाही.
पुढच्या परीक्षेत ती सुटली, काठावर.
वर्षभराने मी अडकले, तो निराळा किस्सा;
तेव्हा माझं दार कुणी वाजवलं
आणि काय हरवलंय म्हणून, ते सांगायला नको.

परवा सेट ज्युनियरला दिला, कौशाच्या मिस्बाहला.
रेग्झिनला उर्मिलाने दाभणाने टाके घातले होते,
सर्जरीच्या सरांनी बघू नयेत असे.
मिस्बाहने डबा गादीवर उपडा केला,
बोटाने मोजलं,
पुन्हा मोजलं.
'ताई, सातच आहेत.'

उर्मिला दारात चप्पल शोधत होती.
'असेल गं,' म्हणाली,
'शेजारच्या खोलीत विचार.'