चाकावरून कळतं

हँडल काय, कुठेही तुटतं.
विमानतळाच्या पट्ट्यावर, रिक्षाच्या दांडीत अडकून,
थोरल्या जावयाच्या हातात.
चाकाचं तसं नाही.
चाक जिथे झिजतं, तिथलं काहीतरी घेऊन येतं.

रविवार पेठेत, बोहरी आळीच्या तोंडाशी
माझं साडेपाच बाय सातचं दुकान.
पाटीवर अजून वडिलांचं नाव, फोन नंबर सहा आकडी.
पावतीवर मी नाव लिहितो, रक्कम लिहितो,
आणि कोपऱ्यात बारीक, माझ्यापुरतं : कुठून.

हर्डीकर बाईंची निळी : प्राग.
‘रस्ताभर दगड हो, बटाटे मांडल्यासारखे.’
रबरही बटाट्यासारखंच सोललेलं.
डॉक्टर सुपेकरांची : मोरोक्को.
अस्तराच्या शिवणीत लालसर वाळू, बारीक रव्याइतकी.
झटकली नाही. पुडी बांधून खिळ्यांच्या डब्यात ठेवली.
पेरूहून आलेल्या चेनमध्ये लोकरीचा गोंडा अडकलेला.
तिथे लामाच्या कानाला बांधतात म्हणे,
आपल्याकडे पोळ्याला बैलांना सजवतात, तसं.
क्योटोची चाकं मात्र गुळगुळीत,
जणू रोज कुणी पुढे जाऊन वाट झाडून देत होतं.
त्या गावाचा मला जरा रागच आला.

व्हेनिसहून एक जोडपं आलं.
दोन्ही बॅगांची चाकं नवी कोरी, हँडलं मुळापासून उपटलेली.
दर वीस पावलांवर पूल, पुलाला पायऱ्या, उचला.
दुकानात ती दोघं
एकमेकांशी बोलत नव्हती.

मार्चमध्ये उपासनी बाई आल्या.
कोथरूडहून, बसनं, तपकिरी बॅग पायाशी धरून.
मागचं उजवं चाक आसातून निखळलेलं.
उलटी करून पाहिली. झीज भरपूर,
पण कुठलीच ओळखू येईना.
दगडाची नाही, वाळूची नाही,
नुसता सिमेंटचा भुरका आणि ऑइलचा एक डाग.

‘कुठून?’
‘पार्किंगमधून,’ त्या म्हणाल्या.

‘ह्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चाला.
नुसतं चालायची लाज वाटे, म्हणून बॅग घेऊन चालायचे.
लिस्बनला फार चढ आहेत म्हणायचे, सवय हवी.
चढ संपला की पिवळी ट्राम, तिच्यात तुला बसवतो.
दोन वर्षं.
वॉचमन रोज विचारायचा, निघालात का साहेब?’

पुढचं मी विचारलं नाही.
त्यांनी पदरानं हँडल पुसलं, पुन्हा पुसलं.
‘तिकीट जूनचं आहे,’ म्हणाल्या. ‘एकच.’
मी साडेतीनशे सांगितले.
त्या तीनशे म्हणाल्या. तीनशे घेतले.

त्या गेल्यावर ‘कुठून’पाशी पेन अडलं.
शेवटी लिहिलं :
कोथरूड ते लिस्बन. अर्धं अंतर झालेलं.

नवं चाक बसवलं की फिरवून बघावं लागतं.
रिकाम्या बॅगेचं चाक खरं बोलत नाही.
आत लोखंडी वजनं टाकतो आणि
हातगाड्या, सुतळीचे गठ्ठे, टेम्पोवाल्यांच्या शिव्या
यांच्यामधून फडके हौदापर्यंत ओढत नेतो, परत आणतो.
कधी प्राग ओढतो, कधी पेरू.
वाटेत दोरीवाले जाफरभाई विचारतात, ‘आज कुठं?’
मी पावतीवरचं गाव सांगतो.
‘थंडी असेल,’ ते म्हणतात, ‘मफलर घ्या.’

परवा तपकिरी बॅगेत वजनं टाकायला गेलो,
तर आत वजन होतंच.
पुण्याची टेलिफोन डिरेक्टरी, जुनी, दोन्ही खंड,
ओल्या पंचात गुंडाळाव्या तशा
मफलरमध्ये गुंडाळलेल्या.
तशाच राहू दिल्या.
सगळं पुणं आडनावांच्या क्रमानं घेऊन निघालो.

चाक छान चाललं, आवाज नाही.
जाफरभाईंनी विचारलं, मी सांगितलं.
या खेपेला ते मफलरचं काही बोलले नाहीत.

परतताना आळीच्या तोंडाशी थोडासा चढ आहे.
इतकी वर्षं जातोय-येतोय,
कधी जाणवला नव्हता.