कंसातली शांतता

इशबेल म्हणाली, समीक्षा नको,
तुला काय वाटलं तेवढंच लिही.
या सत्रातली चार नाटकं, नऊ गोष्टी,
सोमवारपर्यंत.
मला काय वाटलं हे
इतकं थेट कुणी विचारलं नव्हतं.
चंद्रपूरला प्रश्न असायचे दहा गुणांचे
आणि वाटणं गाईडमध्ये छापून यायचं.

तर लिहिते.
पर्थ रोडवरची खोली, तिसरा मजला.
खिडकीबाहेर टे नदी असते म्हणे.
आज समुद्रावरून धुकं आलंय,
पूल अर्ध्यातच संपलाय
आणि एक गाडी त्या नसलेल्या पुलावरून
बिनधास्त डंडीत शिरतेय.

पहिलं नाटक. घरमालकीण पहिल्या अंकात दिवा लावते.
लोक येतात, भांडतात, कुणाचं लग्न मोडतं,
दिवा शेवटपर्यंत कुणी मालवत नाही.
वर्गात कॅलम म्हणाला, दिवा म्हणजे आशा.
मी विचारलं, रॉकेल कोण भरतं?
सगळे हसले.
मी विनोद केला नव्हता.

मला नाटकात न दिसणारा माणूस आधी दिसतो.
बाबा बल्लारपूरच्या कागद गिरणीत कारकून,
आणि स्पर्धेच्या दिवसांत प्रॉम्प्टर.
बावीस वर्षं विंगेत,
टॉर्चला लाल जिलेटीन बांधून,
सगळ्यांची भाषणं पाठ, स्वतःचं एकही नाही.
मी त्यांच्या पायाशी, उलट्या बादलीवर.

त्यांनी एकच गोष्ट शिकवली:
नट थांबला म्हणजे विसरला असं नाही.
त्याची बुबुळं बघायची.
विसरलेला विंगेकडे बघतो,
थांबलेला आत.
थांबलेल्याला शब्द दिलास
तर त्याचा प्रवेश तू मारलास.

म्हणून इथल्या नाटकांत
मी संवादांपेक्षा कंस जास्त वाचले.
क्षणभर शांतता.
उठते, पुन्हा बसते.
प्रत्येक कंसापुढे समासात पेन्सिलीने लिहीत गेले,
आत. आत. विंगेकडे. आत.
पुस्तक लायब्ररीचं होतं. दंड भरेन.

गोष्टींचं वेगळं. गोष्टीला विंगच नसते.
तो पोस्टमन एक पत्र वर्षभर
कोटाच्या खिशात घेऊन हिंडतो
आणि शेवटच्या ओळीत बूट काढतो. बस.
पत्राचं काय झालं?
पान उलटलं तर पुढची गोष्ट सुरू झालेली,
कुठल्याशा घोड्याची.
तीन दिवस त्या लेखकावर राग होता.
चौथ्या दिवशी ओले बूट काढताना
मीच दारात थबकले, एक पायात, एक हातात,
आणि राग कुठे ठेवलाय ते आठवेना.

पुढचं लिहायचं नव्हतं, इशबेल.

जानेवारीत बाबांच्या डोक्यात रक्ताची गाठ झाली,
डाव्या बाजूला.
आता चमच्याला किल्ली म्हणतात.
आई लगेच दुरुस्त करते.
माझे दुपारचे तीन, त्यांचे रात्रीचे साडेआठ.
स्क्रीनवर बाबा म्हणतात,
आज इकडे फार
आणि थांबतात.

थंडी? मच्छर? लाइट गेले?
माझ्या जिभेवर चार शब्द तयार.
पण फोनचा कॅमेरा असा
की डोळे नेमके कुठे लागलेत ते कळत नाही.
विंगेकडे, का आत?

मी थांबते.
रेडिएटर आतून ठोके देतो.
छपरावर सीगल कुणाला तरी शिव्या घालतो.
आई मागून म्हणते, कट झाला का गं?

काल दीड मिनिटाने आला त्यांचा शब्द.
आज इकडे फार पडदा, म्हणाले.
आई दुरुस्त करायला पुढे झाली.
मी म्हटलं, असू दे.
म्हटलं, इकडेही बाबा, हे बघा,
आणि फोन खिडकीकडे फिरवला.

बराच वेळ बघत होते त्या पांढऱ्याकडे.
मग उजवा हात, जो अजून नीट उचलत नाही,
जरासा वर केला,
पडदा ओढणाऱ्या पोराला करायचे तसा,
थांब,
इतक्यात नको.