रकाना क्रमांक नऊ

रकाना नऊ: एकूण सायटेशन.
लिहिते, एक हजार एकशे त्रेचाळीस.
(त्यातली एकतीस माझीच मला,
एवढं कोण तपासतंय.)

सागरमाळावर आमची प्रयोगशाळा.
सागर फक्त माळाच्या नावात,
खरा घाट उतरून चार तासांवर.
परिषदेत कुणीतरी हसून विचारतंच,
कोल्हापुरात कुठून आला हो समुद्र?
यष्टीनं, मी सांगते.

खोटं नाही. अकरा वर्षं
दस्तगीर मुल्लाणी शनिवारी रत्नागिरीला जायचा,
रविवारी आंबा घाटातून परत.
मांडीवर थर्माकोलची पेटी, पायाशी खाऱ्या पाण्याचे दोन कॅन,
कंडक्टरशी लगेजवरून वाद.
आठ माकळांतलं एखादं पोचायचं जिवंत.
त्याचा तो जाड मज्जातंतू, नुसत्या डोळ्यांना दिसणारा,
मी श्वास धरून सोडवून घ्यायची
आणि शेजारचे वनस्पतीवाले
वासानं खिडक्या लावायचे.
आभारात दस्तगीरचं नाव एकदाच आलं,
तेही चुकीचं छापून.

समुद्रवाले मला डॉक्टर समजतात,
मेंदूवाले मासेवाली.
ज्या निबंधाचा उल्लेख सगळ्यांत जास्त
तो मला फारसा आवडत नाही.
आवडतो तो सात वेळा उल्लेखलेला.
त्या सातांतही एक म्हणतो,
'सरनोबत यांच्याशी आम्ही सहमत नाही.'
त्यानं निदान वाचला असणार.

काल सीपीआरला गेले होते, दस्तगीरबरोबर.
उजवा हात थरथरतो त्याचा,
चहा बशीत ओतायच्या आधीच सांडतो.
तरुण डॉक्टरीण कागदावर शीर काढून
सावकाश समजावत होती,
तर हाच तिला थांबवून:
"माकळाची सुतळीएवढी असती बघा. ह्या हातानं धरलीया.
मिठाच्या पाण्यातनं काढली की गप हुती,
परत घातली की बोलती.
आमच्या बाईंचं हाय ह्ये, माझं न्हवं."

कोण बाई? तिनं विचारलं.
मी भिंतीवरचा लकव्याचा तक्ता
वाचत राहिले, दोनदा.

रकाना दहा: इतर उल्लेख, पुरावा जोडावा.

बाहेर नळाशी
तो कॅन विसळतोय,
एका हातानं दुसरा धरून.
तळाला मिठाचा थर बसलाय, निघत नाही.
रविवारी कुणाला पाठवायचं
ते अजून ठरलेलं नाही.