लाल, निळा

सालमियात जुलै. बाग ओस,
घसरगुंडीला हात लावला तर फोड येईल.
म्हणून चार ते पाच जुईचा वर्ग:
मिस मारिसेल ट्रेमध्ये वाळू ओतते,
जुई बोटं बुडवते, काढते, झटकते, पुन्हा बुडवते.
वाळवंटात राहून वाळूची फी भरतो,
हा विनोद मी ऑफिसात दोनदा केला.
आता नाही करत.

घरचा अभ्यास: आपले हात आपण धुणे.
हिवाळाभर घोकवलं,
लाल म्हणजे गरम, निळा म्हणजे गार.
नळांवर स्टिकर लावले.
आणि आता गच्चीवरची टाकी तापून
निळ्यातून चटके येतात;
बंद गीझरात निवलेलं पाणी
लाल नळातून, गारसं.

कसं सांगू, की बाबा खोटं नव्हता बोलला,
ऋतू बदलला फक्त?

मी शब्द जुळवतच होतो.
ती स्टुलावर चढली.
निळ्याखाली बोट, झटकन मागे.
लालखाली बोट. राहू दिलं.
मग नखानं दोन्ही स्टिकर सोलले,
अदलाबदल करून
तळव्यानं दाबून बसवले.

लालचा एक कोपरा
तिनं सुटाच ठेवलाय.
ऑक्टोबरसाठी, बहुतेक.